दोन दातांची नळी आणि ०.०६४ ची सोंगटी: आजोबांच्या पेटीतली आर्मररची अवजारं कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. नौपाड्यातलं जुनं घर पुनर्विकासाला गेलं. माळा रिकामा करताना एक लाकडी पेटी सापडली. आजोबा १९४० च्या दशकात सैन्याच्या ऑर्डनन्स खात्यात होते, याहून जास्त घरात कुणाला माहीत नाही. पेटीत आडवी मूठ असलेली एक पोकळ नळी आहे, तिच्या टोकाला दोन दात. दोन छोट्या पोलादी सोंगट्या आहेत, एकीवर .०६४ आणि दुसरीवर .०७४ कोरलंय. शिवाय स्क्रू बसवलेला एक बारका शिकंजा, पितळी कुपी, पितळी वजन बांधलेली दोरी, फूटभराहून लांब स्क्रू ड्रायव्हर आणि एक चपटी टी आकाराची चावी. काहींवर तीन रेघांचा बाण आहे. ही कशाची अवजारं, यांची किंमत काय, आणि हे घरात ठेवणं गुन्हा तर नाही ना?

मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती खात्यात, आर्मरर होतो, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा. चोवीस वर्षं रायफली उघडल्या आणि मिटल्या, आता ऐरोलीत राहतो. असे प्रश्न अधूनमधून येतात आणि त्यात लोकांना बहुतेक वेळा नाव हवं असतं, "याला काय म्हणतात?" नाव शेवटी सांगता येतं. आधी विचारायचं ते हे, की हे अवजार कुठल्या भागाला भिडण्यासाठी केलंय, आणि ते काम जवानाचं होतं की आर्मररचं. या दोन गोष्टी कळल्या की नाव आपोआप जवळ येतं. उलट्या बाजूने, म्हणजे चित्रं बघत नाव शोधायला गेलात, तर मोटारीच्या पान्यालाही तोफखान्यात भरती कराल.

मी स्वतः केलंय हे. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी चोर बाजारात एक सुरेख घडीव पाना दिसला, दोन आकड्यांचा, वजनदार. विकणाऱ्याने "मशीनगनचा आहे साहेब" म्हटलं आणि मीही मान डोलावली. घरी आणून आठ दिवस व्हिकर्स मशीनगनच्या कुठल्या भागाला बसतो ते आठवत राहिलो. शेवटी लालबागच्या एका जुन्या जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, मागाचा पाना आहे. मुंबईच्या जुन्या बाजारात गिरण्यांची, जहाजांची, रेल्वेची आणि फौजेची अवजारं एकाच ढिगात असतात हे मी विसरलो होतो. दाताचं माप घेतलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आता तुमच्या नळीकडे येऊ, कारण पेटीतली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे. तिच्या तीन गोष्टी बघा. ती पोकळ आहे, म्हणजे काहीतरी लांब आणि बारीक तिच्या आत शिरायला हवं. टोकाला समोरासमोर दोन दात आहेत, म्हणजे आत खोलवर एखादी गोल चकती असणार आणि तिला दोन खाचा असणार. आणि मूठ आडवी आहे, म्हणजे पीळ जोराचा द्यायचाय. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या बोल्टमध्ये, म्हणजे बंदुकीची नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यात, नेमकं हेच असतं. बोल्टचं पुढचं डोकं फिरवून काढलं की आत स्प्रिंग आणि स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई, दिसते. स्ट्रायकरला एक कॉलर असते आणि कॉलरला दोन खाचा. मागे कॉकिंग पीसजवळचा छोटा स्क्रू सैल केला की ही नळी पुढून आत जाते, सुई नळीत शिरते, दात खाचांत बसतात आणि स्ट्रायकर आट्यांतून सुटतो. हे स्ट्रायकर काढायचं अवजार. बोल्टच्या आतल्या भोकापेक्षा नळीचा बाहेरचा व्यास जेमतेम कमी असतो, म्हणून ती इतकी सडपातळ.

हे अवजार मुळात लागतं कशाला? जर्मन माउझर के ९८ च्या दस्त्यात एक पोलादी चकती बसवलेली असते, तिला मधे भोक. जवान त्या भोकात सुईचं टोक टेकवून स्वतःच बोल्ट उघडू शकतो. इंग्रजांची रीत वेगळी होती. जवानाने बोल्ट बाहेर काढावा, पुसावा, परत घालावा. स्ट्रायकरला हात लावायचा नाही, कारण तो आट्यांवर किती बसलाय त्यावर त्याचं टोक किती बाहेर येतं ते ठरतं. कमी आलं तर फायर होत नाही, जास्त आलं तर काडतुसाची टोपी फुटते. म्हणून ते काम आर्मररचं, आणि म्हणून अवजार पलटणीच्या वर्कशॉपमध्ये, जवानाच्या पिशवीत नाही. पेटीत कुठे चपटं, पायरी पायरीचं बोटभर पोलादी गेज सापडलं तर ते बहुधा याच टोकाची उंची मोजायचं असेल. पेटीच्या कोपऱ्यात, अस्तराखाली, बघा.

सोंगट्यांबद्दल मला खात्रीने बोलता येतं, कारण त्यांच्यावर आकडे आहेत आणि हे आकडे आर्मररला झोपेत विचारले तरी सांगता येतात. .३०३ काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, रिम. बंदुकीच्या नळीच्या मागच्या तोंडाशी ती कड अडकते आणि बोल्ट मागून टेकतो. कडेच्या पुढच्या बाजूपासून बोल्टच्या तोंडापर्यंत जी जागा उरते ती हेडस्पेस. ती ०.०६४ इंचापेक्षा कमी नको, नाहीतर बोल्ट मिटणार नाही. आणि ०.०७४ पर्यंत पोचायला नको, नाहीतर काडतूस मागे सैल राहून बुडाजवळ फाटू शकतं. पहिल्या सोंगटीवर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसरीवर हलक्या बोटाने ढकलून मिटता कामा नये. दोन्हींत फरक दहा थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटर. सगळी रायफल सेवेत राहणार की बाद होणार हे त्या पाव मिलिमीटरवर ठरायचं. ली-एनफिल्डच्या नंबर ४ या नंतरच्या नमुन्यात बोल्टची डोकी ०, १, २, ३ अशा क्रमांकांची येतात, जागा वाढली की वरच्या क्रमांकाचं डोकं लावून बघतात. जुन्या नंबर १ नमुन्याला असे क्रमांक नाहीत. तिथे डोक्यांच्या डब्यातून एकेक लावून बघत बसायचं, आणि पावसाळ्यात घामाच्या हातांनी ते काम फार कंटाळवाणं होतं.

आकडे नसते तरी आकारावरून अर्धी ओळख पटली असती. रिमवाल्या काडतुसाचं गेज बुटकं असतं, कारण मोजायची ती फक्त कड. ७.६२ सारख्या बिनरिमच्या काडतुसाचं गेज मात्र अख्ख्या काडतुसासारखं लांब, खांदा असलेलं असतं, कारण ते काडतूस खांद्यावर टेकतं. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने पुढे ली-एनफिल्डच्याच धाटणीवर ७.६२ ची २ए आणि २ए१ ही रायफल केली. तेव्हा भारतीय वर्कशॉपच्या पेटीत दोन्ही जातीची गेजं एकत्र सापडली तर गोंधळू नका. तुमच्या पेटीत फक्त बुटकी जोडी आहे आणि आजोबांचा काळ १९४० चा, दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

बारका शिकंजा मात्र फोटोवरून पक्का सांगता येणार नाही, माप लागेल. माझा अंदाज, तो फोरसाइट सरकवायचा क्रँप आहे. रायफल डावीकडे किंवा उजवीकडे मारू लागली की नेम धरायची समोरची माशी, म्हणजेच फोरसाइट, तिच्या खाचेत बाजूला ढकलावी लागते. हातोडीने ठोकली तर ती किती सरकली याचा हिशेब राहत नाही, म्हणून स्क्रूने हळूहळू ढकलायची. उंचीचा प्रश्न वेगळा. त्यासाठी माशीच बदलतात, आणि त्या माशा ०.०१५ इंचाच्या पायऱ्यांनी कमीजास्त उंचीच्या येतात. बारीक आकडे कोरलेले छोटे पोलादी तुकडे पेटीत किंवा एखाद्या काडेपेटीत सापडले तर टाकू नका, कचरा वाटतात पण त्या माशा असतात. नंबर १ चा क्रँप नंबर ४ ला चालत नाही. नंबर १ मध्ये बंदुकीच्या नळीचं पुढचं तोंड नोजकॅपने, म्हणजे धातूच्या टोपणाने, झाकलेलं असतं, नंबर ४ मध्ये नळी पुढे उघडी डोकावते. तेव्हा शिकंज्याची आतली रुंदी आणि स्क्रूच्या टोकाचा आकार मोजून कळवा. आतली बाजू सपाट असेल आणि कुठल्याही नळीला बसेल असा खोलगट भाग नसेल, तर तो सुताराचा किंवा घड्याळजीचाही असू शकतो आणि मग माझा अंदाज मी मागे घेईन.

लांब स्क्रू ड्रायव्हरवर बाण असेल तर मला त्याचा फार आनंद होईल. दस्ता रायफलीला एका लांब आटेदार बोल्टने (हा वर सांगितलेला सरकता बोल्ट नव्हे) आवळलेला असतो आणि त्याचं डोकं दस्त्याच्या आत खोलवर. साध्या स्क्रू ड्रायव्हरची पोच नाही, म्हणून हा लांब आणि रुंद पात्याचा. याच्याशी एक जुनी चूक जोडलेली आहे. नंबर १ मध्ये त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकून राहतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये. आधी पुढचं लाकूड न काढता कुणी मागून बोल्ट फिरवला की टोक लाकडाला पिळतं आणि लाकूड चिरतं. असं चिरलेलं लाकूड मी इतक्या रायफलींवर पाहिलंय की नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी हेच सांगायचो. पात्याच्या कडा बघा. कोपरे गोल झालेले, मधे चमक, असं असेल तर तो खरोखर या कामाला वापरला गेलाय. रंगाच्या डब्यांची झाकणं उघडलेल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक वाकलेलं असतं आणि त्याला रंगाचे थर असतात.

कुपी आणि दोरी आर्मररच्या नाहीतच, जवानाच्या आहेत. कुपीला घरात कुणीतरी अत्तरदाणी म्हटलं असेल. ती तेलाची कुपी, झाकणाला आत चमचा असतो, आणि ती दस्त्याच्या कप्प्यात बसायची. दोरी म्हणजे पुलथ्रू. पितळी वजन बंदुकीच्या नळीतून खाली सोडायचं आणि मागून कापडाची चिंदी ओढून काढायची. दोरीला फासे असतात, एक जाळीसाठी, एक चिंदीसाठी, आणि शेवटचा अडकलेली दोरी आर्मररने मागे ओढावी म्हणून. म्हणजे पेटी निव्वळ वर्कशॉपची नाही, आजोबांनी आपल्या आठवणीची चीज तीत ठेवलीय असं मला वाटतं. किंवा कुणीतरी नंतर भरलीय. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सगळं एकाच पेटीत सापडलं म्हणून सगळं एकाच कामाचं असं धरता येत नाही.

खुणांबद्दल थोडं. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. बाणाखाली आय असेल तर भारताची, इंग्रजी सीच्या पोटात बाण असेल तर कॅनडाची, यूमध्ये असेल तर दक्षिण आफ्रिकेची, दोन डींच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलियाची. इशापूरच्या मालावर आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर) दिसतं, स्वातंत्र्यापूर्वीच्या मालावर मुकुट, नंतर अशोकस्तंभाचे सिंह. युद्धकाळात ब्रिटनमध्ये कारखान्यांची नावं लपवण्यासाठी संकेत दिले होते, एन म्हणजे उत्तर, एम मध्य, एस दक्षिण, आणि पुढे आकडा. एम ४७ म्हणजे बीएसए, बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. पुढे नाटोचा तेरा आकडी क्रमांक आला. त्यातले पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन देश. ४९३३ ने सुरू होत असेल तर शस्त्रदुरुस्तीची खास अवजारं, ५२२० असेल तर गेज. देशाचे आकडे ९९ असतील तर ब्रिटन, ७२ असतील तर भारत. असा तेरा आकडी क्रमांक असेल तर वस्तू आजोबांच्या युद्धकाळातली नाही, नंतर पेटीत आलेली आहे. पण एक सांगतो, बाण आहे म्हणून ते बंदुकीचं अवजार असं नाही. फौजेने स्वयंपाकाच्या पळ्यांवरही बाण मारलाय.

यासाठीच माझी कळकळीची विनंती, काही घासू नका. आपल्याकडे पितळ दिसलं की हात पितांबरीकडे जातो, आणि ती तर ठाण्याचीच. कुपी चकचकीत होईल, पण वर्ष आणि खूण निम्मी निघून जाईल. सोंगट्यांना तर पॉलिश पेपर अजिबात लावू नका. गेजवरून एक थाउ घासला गेला की ते गेज राहत नाही, पेपरवेट होतं. मऊ ब्रशने धूळ काढा, शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवा, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळा. खाडीची हवा आणि जुलैची ओल पोलाद खाते, त्यामुळे पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. पितळ चामड्यात गुंडाळलेलं असेल तर बाहेर काढा, त्या दोघांचं पटत नाही, हिरवं चढतं. आणि कुठली वस्तू पेटीच्या कुठल्या खाचेत होती याचे फोटो, काढण्याआधी.

गुन्ह्याचं बोलू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भाग आणि शस्त्रं बनवायची यंत्रसामग्री येते. स्क्रू ड्रायव्हर, गेज, पुलथ्रू, तेलाची कुपी हे रायफलीचे भाग नव्हेत. पण आर्मररच्या पेटीत भाग असण्याची शक्यता असते, म्हणून नीट बघा. बोल्ट, बोल्टचं डोकं, स्ट्रायकर, नळीचा तुकडा असं काही असेल तर तो भाग. कायद्याच्या कलम ४५ मध्ये, जोडीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना सवलत आहे, पण किरकोळ कशाला म्हणायचं हे आपण घरात बसून ठरवू नये. ठाण्याचं पोलिस आयुक्तालय परवान्याचं काम बघतं, तिथे फोटो आणि यादी घेऊन विचारा. काडतुसासारखं काही दिसलं तर ते उचलून कुणाकडे नेऊ नका, जवळच्या पोलिस ठाण्याला कळवा. सरावाची निर्जीव काडतुसं असतात, लाल रंगाच्या खाचा पाडलेली, आणि फाटलेलं काडतूस नळीतून काढायचा एक प्लग असतो, तोही गोळी नसलेल्या काडतुसासारखाच दिसतो. त्यातलं कुठलं आहे हे फोटोवरून ठरवायची जोखीम मीसुद्धा घेत नाही.

किमतीबद्दल मी आकडा सांगणार नाही. .०६४ आणि .०७४ ची जोडी गंजलेली नसेल आणि एकाच बनावटीची असेल तर संग्राहकाला ती सुट्या गेजपेक्षा जास्त हवी असते. आणि पेटीवर आजोबांचं नाव, क्रमांक, युनिट रंगवलेलं असेल तर सगळी पेटी एकत्र ठेवा, सुटी विकू नका.

राहिली ती चपटी टी आकाराची चावी, जिच्यावर तुमची सर्वांत जास्त आशा होती. तिच्यावर स्पष्ट "सिंगर" लिहिलंय असं तुम्ही म्हणता. सिंगरच्या क्लाइडबँकच्या कारखान्यानेही युद्धात फौजेसाठी काम केलं होतं, पण तिथल्या मालावर सिंगर असं लिहीत नसत, एन ६७ असा संकेत असे. नाव उघड लिहिलेली चावी घरातल्या शिवणयंत्राची आहे. आजी शिवत असतील तर त्यांच्या यंत्राच्या सुईपट्टीच्या स्क्रूला लावून बघा, बसेल.